भाड्याच्या घरातला पहिला आठवडा: आधी बटण दाबा, मग सामान लावा

जूनमध्ये भाचा ठाण्यात नोकरीला आला. ऑफिस वागळे इस्टेटला, म्हणून त्याने आणि त्याच्या गावाकडच्या मित्राने मिळून मानपाड्याच्या आतल्या बाजूला एका जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके भाड्याने घेतला. मी सामान लावायला गेले तर दोघं फ्रीज कुठे ठेवायचा यावर वाद घालत होते. मी पर्समधून टेस्टर काढला तसे हसायलाच लागले, आत्या पर्समध्ये टेस्टर घेऊन फिरते म्हणून. फिरते बाबा. सोसायटीच्या कमिटीवर सहा वर्षं काढली की लिपस्टिक विसरते पण टेस्टर विसरत नाही.

दारामागे डीबी होता, म्हणजे तो पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा डबा ज्यात सगळ्या एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारे स्वीच, ओळीने बसवलेल्या असतात. त्यात एक जरा रुंद स्वीच होता, त्यावर छोटं बटण, टेस्ट लिहिलेलं. मी ते दाबलं. काही नाही. परत दाबलं, जोरात दाबलं, पंखा आपला फिरतोय. घरमालकांच्या वायरमनला फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, ते पावसाळ्यात सारखं पडायचं, आधीचे भाडेकरू रात्री-बेरात्री फोन करायचे, म्हणून डायरेक्ट करून टाकलंय. लाईट येतेय ना?"

लाईट येत होती. सगळंच चालत होतं. तिथेच तर घोटाळा आहे, पंखा बंद पडला तर आपण दहा मिनिटांत माणूस बोलावतो, पण आपल्याला वाचवायला बसवलेली वस्तू मेली तर कुणाला पत्ताच लागत नाही कारण बाकी सगळं मजेत चालू असतं.

म्हणून हे लिहितेय, जे कुणी पहिल्यांदाच घराबाहेर पडून ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे असं कुठेतरी भाड्याने राहायला येतायत त्यांच्यासाठी. पहिल्या आठवड्यात काय काय बघायचं, कुठल्या क्रमाने. खर्च फार नाही, थोडं वाकून बघायला लागतं इतकंच.

पहिलं काम, सामान खाली उतरवायच्याही आधी: डीबी

एमसीबी आणि आरसीसीबी यात लोक फार गल्लत करतात. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. ती १६ अँपिअरची असेल तर त्याच्या बराच वर करंट गेला की पडणार. आणि माणसाचं हृदय गडबडायला अँपिअर-बिअँपिअर लागत नाही, पन्नास-शंभर मिलिअँपिअर पुरतात, म्हणजे अँपिअरचा विसावा-दहावा भाग. म्हणजे तुम्ही चिकटलेले असाल तरी एमसीबीच्या हिशोबाने घरात कुणीतरी छोटासा बल्ब लावलाय, बस. आरसीसीबीचं काम वेगळं आहे. फेजने जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का हे ती सतत मोजते, आणि कमी आला म्हणजे तो दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने, कदाचित तुमच्या अंगातून, जमिनीत चाललाय. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला क्षणात पडते. जुने लोक हिला ईएलसीबी म्हणतात, दुकानात तेच नाव सांगितलं तरी कळतं.

तर करायचं काय: लाईट चालू असताना ते टेस्टचं बटण दाबायचं. खटकन पडून घर अंधारलं पाहिजे. नाही पडलं तर ती खराब आहे नाहीतर आमच्यासारखी डायरेक्ट केलेली आहे. आणि घरात आरसीसीबीच नसेल, जुन्या बिल्डिंगमध्ये सर्रास नसते, तर घरमालकांशी डिपॉझिटचं बोलतानाच हा विषय काढा, एकदा पैसे दिल्यावर कुणी ऐकत नाही. आम्ही बटण दाबतानाचा व्हिडिओ काढला, पंखा फिरतोय ते दाखवलं आणि घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅप केला. आधी म्हणाले बघू. मग मी फक्त एवढंच लिहिलं की हा मेसेज जपून ठेवतेय. दुसऱ्या दिवशी वायरमन हजर. एवढं सगळं होऊन मजुरीसकट अडीच हजाराच्या आत काम झालं, म्हणजे एवढ्याशा पैशासाठी मागचे भाडेकरू किती महिने तसेच राहिले कोण जाणे.

वायरमनने झाकण उघडलं तेव्हा मी मुद्दाम दोघा पोरांना बघायला बोलावलं. आत दोन्ही बाजूच्या वायरी काढून एकमेकांना पिळून काळी टेप गुंडाळली होती, टेप उन्हात ठेवलेल्या गुळासारखी चिकट झालेली.

आता ती सारखी का पडायची हेही शोधायला हवंच होतं, नाहीतर परत तोच ताप. त्याची सोपी रीत आहे. घरातले सगळे प्लग उपटून काढायचे, नुसतं स्वीच बंद करून चालत नाही कारण गळती न्यूट्रलच्या बाजूनेही असते आणि आपला स्वीच फक्त फेज तोडतो. मग सगळ्या एमसीबी खाली, आरसीसीबी वर, आणि एकेक एमसीबी चढवत जायचं. ज्या एमसीबीला पडेल त्या लाईनमध्ये चोर आहे. कुठेच नाही पडली तर एकेक प्लग लावत जायचं, ज्या वस्तूला पडेल ती वस्तू चोर. आमच्याकडे ड्राय बाल्कनीचा बोर्ड निघाला, वॉशिंग मशीनचा. पावसाचं पाणी भिंतीतून झिरपून थेट बोर्डाच्या मागे येत होतं. म्हणजे बिचारी बरोबर पडत होती आणि लोकांनी तिलाच काढून टाकलं.

एक मात्र लक्षात ठेवा, तुम्ही एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, तिच्या हिशोबाने गेला तेवढा परत आला. त्यामुळे ती आहे म्हणून उघड्या बोर्डात हात घालायचे धाडस नको.

दुसरं: अर्थिंग, आणि तो तिसरा पाय तोडलेला प्लग

फ्रीजला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, गिझरच्या पाण्याने चिमटे बसतात, मशीनचं झाकण झिणझिणतं. हे ऐकून घेतलं की घरातले म्हणतात अनवाणी नको फिरूस, चपला घाल. अरे चपला काय घाल! एक तर वस्तूत गळती आहे नाहीतर अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी तिसरी वायर, लागलेलंच नाही, बहुतेक वेळा दोन्ही. दुकानात तीन छोट्या लाईटचा सॉकेट टेस्टर मिळतो, प्लगसारखा खुपसायचा, अर्थिंग आहे का आणि फेज-न्यूट्रल उलटे तर नाहीत ना हे लगेच दिसतं. समोरून बघताना वरचं जाड भोक अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, असं असायला हवं. अर्थ नाही दाखवलं तर वायरमनकडूनच करून घ्या, यात स्वतःचं डोकं चालवू नका.

थ्री-पिनची वरची जाड पिन कापून टू-पिनच्या भोकात बसवणारे महाभाग अजूनही आहेत, भाच्याच्या मित्राने गावाहून आणलेल्या इस्त्रीचं तेच केलेलं होतं. अभिमानाने सांगतोय, बसत नव्हतं म्हणून पक्कडने तोडलं. मी तो प्लग तिथेच बदलून घेतला.

मेटल बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हलकं खरखरतं, त्याला घाबरू नका, अ‍ॅडाप्टरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट येतो, अर्थवाली थ्री-पिन केबल लावली की जातो. फ्रीज आणि गिझरला मात्र हे कारण लावू नका.

एक्स्टेंशन बोर्डचा हिशोब

हा हिशोब शाळेत शिकवतात आणि आपण विसरतो. आपल्याकडे व्होल्टेज २३०. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट. बस, एवढंच त्याचं बळ. आता केटलच्या बुडाखाली वाचा, १५०० लिहिलेलं असतं, म्हणजे एकटी केटलच जास्त झाली. इस्त्री १००० च्या आसपास, इंडक्शन २०००, पाणी तापवायचा रॉड १५००. आणि हॉस्टेल-पीजीत काय असतं, एकाच पांढऱ्या पट्टीवर इंडक्शन, त्याच पट्टीत दुसरी पट्टी, तिच्यात केटल आणि चार चार्जर. पट्टी लगेच जळत नाही हो, तीच तर गंमत आहे, आतली पितळी पट्टी रोज थोडी गरम होते, सैल होते, सैल झाली की आणखी गरम होते, आणि एक दिवस गादीच्या कडेला वास येतो. प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील किंवा भोकाभोवती प्लास्टिक पिवळट झालं असेल तर ती पट्टी कचऱ्यात. जड वस्तू थेट भिंतीतल्या मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटला.

रॉडबद्दल मला वेगळं बोलायचंय कारण पहिल्या थंडीत प्रत्येक पोरगं तो आणतंच. पाणी तापलं का हे बोट बुडवून बघतात! आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि सगळ्यात शेवटी बोट. बादली प्लास्टिकची घ्या, अ‍ॅल्युमिनियम-स्टीलची नको, रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी हवं, आणि तो लावून दुसऱ्या खोलीत मोबाईल बघत बसू नका.

आयएसआयचा शिक्का बघा म्हणतात सगळे, पण शिक्का तर कुणीही छापतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात वस्तूवरचा लायसन्स नंबर टाकला की कंपनीचं नाव येतं. चार्जर आणि पॉवरबँकवर आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, तोही त्यात तपासता येतो. स्टेशनबाहेर दीडशेला मिळणाऱ्या चार्जरवर हे करून बघा एकदा.

गॅस गिझर, इथे मी कुणाचंच ऐकत नाही

या घरात बाथरूममध्येच गॅस गिझर होता. बाथरूम चार बाय सहा. वर एक छोटी खिडकी, तिला पावसाचं पाणी येतं म्हणून कुणीतरी प्लास्टिकचा कागद खिळे मारून लावलेला. आधीचे भाडेकरू म्हणे अगदी व्यवस्थित वापरत होते.

ज्योत जळायला हवा लागते. दार लावलं, खिडकी बंद, शॉवर चालू, पाच-सात मिनिटं झाली की बाथरूममधला ऑक्सिजन कमी होतो आणि गॅस अर्धवट जळायला लागतो, त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. गॅसला जो वास येतो ना, तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून, पण जळून तयार होणाऱ्या या वायूत कोण मिसळणार? तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीने जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड, मग चक्कर, मळमळ, पायातलं बळ जातं, आणि माणसाला कळतं तेव्हा कडीपर्यंत हात पोचत नाही. बाहेरच्यांना वाटतं आंघोळीला फार वेळ लावतोय.

आणि कोविडपासून घरोघरी तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, लोक तो लावतात आणि ९८ दाखवलं की निवांत होतात. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यात फरक करूच शकत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतं. त्याच्यावर विसंबू नका.

मग काय करायचं? सगळ्यात बरं म्हणजे गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या ड्राय बाल्कनीत, फक्त गरम पाण्याचा पाइप आत. घरमालक ऐकत नसतील तोवर ही पद्धत: दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग दार लावून आंघोळ. शॉवरचा मोह सोडायचा. खिडकीचा कागद काढायचा, काच नाही जाळी हवी. एकामागून एक तिघांच्या आंघोळी असतील तर मध्ये दहा मिनिटं दार उघडं. ज्योत निळी असायला हवी, पिवळी-केशरी दिसली तर बर्नर साफ करायला माणूस बोलवा आणि तोवर वापरू नका. एकट्याने राहत असाल तर बाथरूमची कडी लावायचीच कशाला, सांगा मला.

कुणी आत पडलंच तर आधी दार उघडून त्याला बाहेर मोकळ्या हवेत ओढायचं, गॅस बंद करायचा, मग १०८ ला फोन. तिथे गेल्यावर डॉक्टरांना गॅस गिझर हे शब्द आधी सांगा, नाहीतर नुसती चक्कर समजतात. आणि दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, बाहेर पडलं की बरं वाटतंय, असं होत असेल तर अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या घेत बसू नका.

भाच्याने तो कागद स्वतः काढला. खिळे काढताना त्याच्यामागे कबुतराचं अख्खं घरटं निघालं, एक अंडं पण. अंड्याचं काय करायचं यावर परत अर्धा तास वाद.

गळतीचं थोडक्यात: पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो, सिलिंडरचा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नाही, ठिणगी बटणातच पडते. व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर जाऊनच करायचा. सिलिंडरसाठी १९०६. पाइप गॅसचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो, तो आजच फोनमध्ये घालून ठेवा. सिलिंडरच्या केशरी नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षं उलटली असतील तर बदला.

बॅटऱ्या

लिथियमची बॅटरी बिघडली की एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, त्यातून पेट घेणारे वायू निघतात आणि मग थांबवणं आपल्या हातात राहत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या आणि त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले ते यामुळेच.

आता स्कूटरची बॅटरी काढून वर घरात आणून चार्ज करणारे बरेच आहेत, डिलिव्हरीची पोरं तर रोज. ती कुठे ठेवतात? दाराजवळ, कारण सकाळी उचलायला सोपी. हीच सगळ्यात चुकीची जागा, पेटली तर तुमची बाहेर पडायची एकमेव वाट तिथेच बंद. जिन्यात पण नको, मग अख्ख्या बिल्डिंगची वाट बंद. वर आणायचीच असेल तर बाल्कनीच्या बाजूला, फरशीवर, आजूबाजूला कपडे-गादी काही नाही, गाडी चालवून आल्या आल्या लगेच नाही, थोडी थंड होऊ दे, चार्जर तिच्यासोबत आलेलाच, आणि जागे असताना. पावसात पार्किंगमध्ये पाणी भरून गाडी बुडाली असेल तर सुकल्यावरही तिला चार्जिंगला लावू नका, आधी सर्व्हिसवाल्याला दाखवा. आत शिरलेलं पाणी दिसत नाही, आणि भडका कधी चार दिवसांनीही उडतो.

धूर यायला लागला तर व्हिडिओ काढायचा नाही. बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, शेजाऱ्यांची बेल वाजवायची, अग्निशमनला १०१ वर फोन.

फोनची पाठ फुगून कव्हर नीट बसेनासं झालं, पॉवरबँक टेबलावर ठेवली की डुगडुगते, म्हणजे ती गेली. टाचणी टोचून हवा काढायचा प्रयोग कुणी करू नका, मी ऐकलंय असे लोक आहेत. ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेटते, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि उशीखाली चार्जिंग नको हे तर आई पण सांगते.

विमानाने गावी जाणाऱ्यांसाठी: पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉटअवरच्या आत. २०,००० एमएएचची म्हणजे ३.७ ने गुणून हजाराने भागा, ७४ येतात, चालते.

मोबाईल: घर बदलणारा माणूस म्हणजे सोपं गिऱ्हाईक

का ते सांगते. नवीन घरात तुम्हाला कुठल्याही कंपनीचा फोन खरा वाटतो. इंटरनेट लावायचंय, गॅस नावावर करायचाय, कुरियर यायचंय, लाईट बिल कुणाच्या नावावर आहे माहीत नाही. तिसऱ्याच दिवशी भाच्याच्या मित्राला मेसेज आला, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होईल, या नंबरवर फोन करा. त्याने लावला पण. समोरचा मराठीतच बोलत होता, एकदम गोड. म्हणाला एक फाइल पाठवतो, ती टाका, बारा रुपये भरा. नशीब भाचा तिथेच होता.

महावितरणचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. जुनं बिल घरमालकांकडून मागून घ्या, त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लिहून ठेवा, शंका आली की महावितरणच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये टाकून बघा, बाकी आहे का नाही ते तिथे दिसतं. तीच गोष्ट कस्टमर केअरची, गुगलवर शोधून पहिला येणारा नंबर लावू नका, बिलावर नाहीतर अ‍ॅपमध्ये असेल तोच.

त्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ते कागद-बिगद नसून एक अ‍ॅपच असतं. कधी लाईट बिल, कधी ट्रॅफिक चलन, कधी चक्क लग्नपत्रिका. टाकली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, तुम्ही हो-हो करत पुढे जाता, आणि मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्याच्याकडे पोचतो. चुकून टाकलीच तर: आधी फोन एअरप्लेन मोडवर, वायफाय पण बंद. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, उद्या नाही, आत्ता, कारण पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. फोन पूर्ण रीसेट करणं त्यानंतर.

फ्लॅटच्या व्यवहारात आणखी एक: समोरचा म्हणतो मी फौजी आहे, बदली होतेय, टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, फार तर बॅलन्स बघताना. येताना कधीच नाही. एवढं एक वाक्य आईवडलांना पण पाठ करून घ्यायला लावा. आणि घर डोळ्याने बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, फोटो कितीही छान असोत.

कुरियरवाला म्हणून फोन येतो आणि अमुक एक कोड डायल करा सांगतात, स्टारने सुरू होणारा. त्याने तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात, ओटीपीचे कॉलसुद्धा. असं काही झालं असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून डिजिटल अरेस्ट सांगणारे भेटले तर फोन ठेवा, अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच.

ब्रोकरला आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या वेबसाइटवरून निघतं. झेरॉक्सवर कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली ते आडवं लिहा. संचार साथी नावाच्या सरकारी वेबसाइटवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, भाच्याच्या नावावर एक जास्तीचं निघालं, ते तिथूनच तक्रार करून बंद केलं.

जाता जाता वायफाय. घरात आधीचा राउटर असेल तर त्याचा पासवर्ड मागच्या भाडेकरूच्या सगळ्या मित्रांना माहीत आहे असं धरून चाला, दोन्ही बदला, वायफायचा आणि राउटरच्या आतल्या सेटिंगचा. आधीचा कॅमेरा किंवा स्मार्ट लॉक असेल तर रीसेट, नाहीतर काढून घरमालकांना परत.

लिफ्टचं एवढंच की लाईट गेली आणि अडकलात तर दार ताणून उडी मारायची नाही, लिफ्ट मध्येच सुरू झाली तर जीव जातो. अलार्म दाबा आणि थांबा, गुदमरत नाही, लिफ्टला हवेची भोकं असतात. पहिल्या दिवशीच तो अलार्म खरंच कुणाला ऐकू येतो का हे वॉचमनकाकांना खाली उभं करून बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये दीड वर्ष तो वाजायचा फक्त गच्चीवर.

बाकी भाच्याला मी एकच काम लावून दिलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते टेस्टचं बटण दाबायचं आणि मला एका शब्दाचा मेसेज करायचा, पडलं. आधी कंटाळायचा, आता आपणहून करतो, मित्राला अंघोळीला पाठवून मुद्दाम दाबतो असा मला संशय आहे. या रविवारी मेसेज आला, "पडलं पण परत चढत नाहीये." मी लिहिलं, ड्राय बाल्कनीच्या लाईनची एमसीबी खाली कर आणि बघ. पाच मिनिटं काही नाही. मग आला, "चढलं. बोर्डात परत पाणी आहे. वायरमनला फोन लावतोय."